बोलकी कुलपं, मुकी कुलपं

घराची किल्ली रोज हातात येते, पण तिच्याकडे निरखून पाहायची वेळ सहसा येत नाही. नाइट लॅचची साधी किल्ली एकदा खिडकीपाशी उजेडात धरावी. पात्याच्या कडेला लहानमोठ्या खाचा दिसतात, बहुतेक वेळा पाच. एक खोल, शेजारची उथळ, तिसरी मधलीच. या खाचांची खोली आणि त्यांचा क्रम एवढंच त्या कुलपाचं गुपित असतं. नाक्यावरचा चावीवाला जुन्या किल्लीशेजारी कोरी किल्ली लावून मशीनवर नवी कापतो, तेव्हा तो हेच गुपित एका पितळेवरून दुसऱ्या पितळेवर उतरवून घेत असतो.

गुपित ओळखणारी यंत्रणा कुलपाच्या पोटात असते. किल्ली ज्यात शिरते तो पितळी दंडगोल फिरता असतो आणि त्याच्याभोवतीचं कवच स्थिर. या दोघांना छेदून जाणारी पाच बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांच्या डोक्यावर एक इवलीशी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग वरच्या पिनेला खाली दाबते. ती पिन अर्धी कवचात आणि अर्धी दंडगोलात अडकून बसते, त्यामुळे दंडगोल हलू शकत नाही. योग्य किल्ली आत गेली, की तिच्या खाचा पाचही जोड्यांना अशा उंचीवर आणून ठेवतात, की प्रत्येक जोडीतल्या दोन पिनांमधला सांधा नेमका दंडगोल आणि कवच यांच्या सीमेवर येतो. अडथळा दूर होतो आणि किल्ली फिरते. एकच जोडी केसभर वर किंवा खाली राहिली, तरी दार बंदच राहतं.

ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी अडसरात वरून खुंट्या पडत आणि खुंट्यांचीच लांबलचक लाकडी किल्ली आत घालून त्या उचलाव्या लागत. अमेरिकेतल्या लायनस येल या पितापुत्रांनी तिला धातूचं रूप दिलं. वडिलांनी १८४८ मध्ये पिनांचं कुलूप बनवलं. चित्रकारी सोडून या धंद्यात आलेल्या मुलाने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून ते खिशात मावणाऱ्या चपट्या किल्लीचं केलं. आज जगभरातल्या अगणित दारांवर बसलेलं कुलूप मुळात हेच आहे.

आता थोडा हिशेब. प्रत्येक खाचेला दहा वेगवेगळ्या खोली शक्य आहेत असं धरलं, तर पाच खाचांच्या एक लाख निरनिराळ्या किल्ल्या होतात. दुकानदार हा आकडा कौतुकाने सांगतो आणि गिऱ्हाइकालाही तो भक्कम वाटतो. पण किल्लीशिवाय कुलूप उघडणारा माणूस लाख किल्ल्या घेऊन दारासमोर बसत नाही. त्याला तसं करावंच लागत नाही, कारण कुलूप त्याच्याशी बोलतं.

पाच आकडी संख्या मनात धरून कुणी ती ओळखायला सांगितली, तर शक्यता एक लाख. मात्र समोरचा माणूस प्रत्येक आकड्याला 'बरोबर' किंवा 'चूक' असं वेगळं सांगत गेला, तर पहिला आकडा जास्तीत जास्त दहा प्रयत्नांत मिळतो, दुसराही दहात. पन्नास प्रयत्नांच्या आत सगळी संख्या हाती येते. पिनांचं साधं कुलूप नेमकी हीच चूक करतं. पाच भोकं एका सरळ रेषेत पाडायची असतात, पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक राहून जातो. त्यामुळे दंडगोलावर हलका पीळ दिला, की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. जे भोक रेषेबाहेर सर्वांत जास्त गेलं आहे, तिथली पिन आधी अडकते. तिला हळूच उचलत योग्य उंचीवर आणलं, की दंडगोल अगदी किंचित हलतो आणि बोटांना ते कळतं. मग दुसरी अडकते, मग तिसरी. लाखाचा हिशेब पाच छोट्या हिशेबांत वाटला जातो.

म्हणून बनावटीतली अचूकता हा कुलपाचा पहिला बचाव. भोकं जितकी सरळ आणि पिना जितक्या घट्ट मापाच्या, तितका कुलपाचा आवाज दबलेला. स्वस्त कुलपात वाचतात ते पैसे बहुतेक इथेच वाचवलेले असतात. पितळ तेच, चमक तीच, मापं मात्र ढिली.

कुलपाला बोलायला कसं लावता येतं, हे जगाने पहिल्यांदा उघडपणे पाहिलं १८५१ मध्ये, लंडनला. क्रिस्टल पॅलेसमध्ये महाप्रदर्शन भरलं होतं आणि आपल्या कंपनीची कुलपं मांडायला आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर तिथे आला होता. ब्रिटनला तेव्हा दोन कुलपांचा विशेष अभिमान होता. पहिलं जेरेमाया चब यांचं 'डिटेक्टर' कुलूप, १८१८ चं. पोर्ट्समथच्या गोदीत घरफोडी झाल्यावर सरकारने स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूप मागवलं, त्यातून ते जन्मलं. त्यात लिव्हर नावाच्या पट्ट्या होत्या. कुणी खटपट करताना एखादा लिव्हर जास्त उचलला, की कुलूप जाम होई आणि मालकाला किल्ली लावताच समजे की कुणीतरी हात लावून गेलं आहे. दुसरं जोसेफ ब्रामा यांचं. ब्रामा कंपनीने पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं होतं आणि ते उघडणारं हत्यार जो बनवील त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी त्यावर लावली होती. ते आव्हान पन्नासहून अधिक वर्षं कुणालाही पेललं नव्हतं.

हॉब्जने चबचं कुलूप साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं आणि लगेच ते पुन्हा लावूनही दाखवलं. या प्रसंगातली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की मालकाला सावध करण्यासाठी बसवलेला डिटेक्टरच हॉब्जच्या कामी आला. कोणता लिव्हर जास्त उचलला गेला, हे तो मालकाला सांगायचा, तसाच हॉब्जलाही सांगत होता.

ब्रामाच्या कुलपाने जास्त झुंज दिली. त्यात किल्लीभोवती गोलाकार बसवलेल्या १८ सरकत्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टी ठरावीक खोलीपर्यंत दाबावी लागे. हॉब्ज एका खोलीत बसून, स्वतः बनवलेली हत्यारं वापरत, एकेका पट्टीचं माप काढत राहिला. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण कुलूप उघडलं. पंचांनी बक्षीस त्याच्या हवाली केलं. आज ते कुलूप लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

या प्रकाराने लंडनमध्ये खळबळ माजली आणि एक वाद सुरू झाला. कुलपाची कमजोरी अशी चारचौघांत मांडणं म्हणजे चोरांना शिकवणं नव्हे का? हॉब्जची बाजू स्पष्ट होती. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात आणि त्यांना हे आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. पुढची पावणेदोनशे वर्षं पाहिली, तर हॉब्जचं म्हणणं खरं ठरलं असंच म्हणावं लागतं. कुलपातली बहुतेक मोठी सुधारणा कुणीतरी उघडपणे त्याची खोट दाखवल्यानंतर झाली आहे.

पिनांच्या कुलपाने पुढे जो बचाव शोधला, तो फार सुंदर आहे. कुलूप बोलायचं थांबत नसेल, तर त्याने खोटं बोलावं. त्यासाठी वरच्या पिना सरळ नळीसारख्या न ठेवता डमरूच्या आकाराच्या केल्या: दोन्ही टोकं जाड, मध्ये बारीक कंबर. किल्लीशिवाय अशी पिन उचलायला जावं, तर तिची कंबर सीमेवर येते आणि दंडगोल चांगलाच फिरतो. उघडणाऱ्याच्या बोटांना वाटतं, जमलं. प्रत्यक्षात पिनेचं खालचं जाड टोक अजून दंडगोलात अडकलेलं असतं. आता ते सोडवायचं तर पीळ सैल करावा लागतो आणि पीळ सैल केला, की आधी बसवलेल्या पिना खाली पडतात. काही पिनांना कडेने बारीक दातेही पाडलेले असतात, म्हणजे प्रत्येक दात्यावर एक खोटा 'बरोबर' ऐकू येतो. योग्य किल्लीला याची काहीच अडचण नसते, कारण ती सगळ्या पिना एकाच वेळी नेमक्या उंचीवर नेते. लिव्हरच्या कुलपातही याच विचाराने खोट्या खाचा पाडल्या जातात.

एवढी तयारी झाली, तरी एक हल्ला राहतोच. त्यात कुलपाशी बोलणंच नसतं.

कॅरम खेळणाऱ्याला तो चटकन समजेल. दोन सोंगट्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. स्ट्रायकर अलीकडच्या सोंगटीवर सरळ बसला, की ती जवळजवळ जागेवरच राहते आणि पलीकडची सुटून जाते. धक्का एकीतून दुसरीत जातो. कुलपातल्या दोन पिनाही अशाच एकमेकींना टेकून असतात. सगळ्या खाचा सारख्याच खोल कापलेली एक खास किल्ली आत असताना तिच्यावर नेमका ठोका बसला, तर खालच्या पिना जागेवर राहतात आणि वरच्या पिना स्प्रिंगविरुद्ध उडतात. डोळ्याची पापणी लवायच्याही आधी त्या परत खाली येतात, पण त्या क्षणात पाचही सांधे एकदम मोकळे झालेले असतात. तेवढ्यात दंडगोल फिरला, की दार उघडतं. इंग्रजीतला 'बंपिंग' हाच शब्द यासाठी आता सगळीकडे चालतो.

युक्ती नवी नव्हती. अमेरिकेत १९२० च्या दशकातच अशा किल्लीचं पेटंट घेतलं गेलं होतं आणि कुलूपदुरुस्ती करणाऱ्यांच्या वर्तुळात ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सामान्य माणसाला तिचा पत्ता लागला तो नेदरलँड्समधल्या हौशी लोकांमुळे. तिथे आणि जर्मनीत कुलपं उघडणं हा रीतसर खेळ आहे. त्याच्या संघटना आहेत, स्पर्धा होतात आणि कुलूप स्वतःच्या मालकीचं असलं तरच त्याला हात लावायचा, हा पहिला नियम पाळला जातो. त्यांच्यातल्या बॅरी वेल्स आणि रॉप गॉन्ग्राइप यांनी २००५ मध्ये या धोक्यावर सविस्तर टिपण लिहिलं. २००६ मध्ये तिथल्या कॉन्सुमेन्टनबॉन्ड या ग्राहक संघटनेने बाजारातली कुलपं या कसोटीला लावली. महागड्या कुलपांपैकीही काही त्यात नापास झाली.

त्यामागचं कारण विचार करायला लावणारं आहे. कुलूप जितकं अचूक घडवलेलं, तितक्या त्याच्या पिना सफाईने वरखाली होतात. हत्याराने एकेक पिन चाचपणाऱ्याला ही अचूकता अडवते, पण ठोका मारणाऱ्याला तिची मदतच होते, कारण कुठेही घासण नसल्याने पाचही पिना एकसारख्या उडतात. एका हल्ल्यावरचा इलाज दुसऱ्याला वाट करून देतो. शिवाय अशा प्रकारे उघडलेल्या दारावर फोडल्याची ठळक खूण राहत नाही. चोरी झाली हे विमा कंपनीला पटवायचं कसं, हा प्रश्न घरमालकापुढे उभा राहतो.

यावर कारखान्यांनी दोन प्रकारचे उपाय केले. पहिल्या प्रकारात तेच पिनांचं कुलूप थोडं बदललं. एखादी पिन इतकी आखूड ठेवली, की ठोक्याच्या किल्लीचा तिला स्पर्शच होऊ नये. एखाद्या भोकात स्प्रिंग जास्त कडक बसवली, म्हणजे सगळ्या पिना एकाच क्षणी उडणार नाहीत. हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांनी काम अवघड होतं.

दुसरा प्रकार मुळापासून वेगळा विचार करतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९६८ मध्ये सुरू झालेल्या मेडेको कंपनीने किल्लीच्या खाचाच तिरप्या कापल्या. पिनेने नुसतं वर जाऊन भागत नाही, तिला ठरावीक कोनात वळावंही लागतं. तशी वळली तरच दंडगोलाच्या कुशीतली एक आडवी पट्टी आत सरते आणि किल्ली फिरते. ठोक्याने पिन उडेल, पण नेमक्या कोनात वळणं योगायोगावर राहील. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांनी तर १९०७ मध्येच पिनांना रजा दिली होती. त्यांच्या कुलपात, म्हणजे पुढे अ‍ॅब्लॉय नावाने प्रसिद्ध झालेल्या कुलपात, एकामागे एक चकत्या असतात. किल्ली प्रत्येक चकतीला वेगळ्या कोनात फिरवते, सगळ्या चकत्यांच्या खाचा एका रांगेत येतात आणि आडवी पट्टी त्या खाचांत उतरते. त्यात दाबणारी स्प्रिंगही नाही आणि उडणारी पिनही नाही. ठोका मारावा तर तो घेणारं आत कुणी नाही.

लिव्हरच्या कुलपावरही हा ठोका चालत नाही आणि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, लिव्हरचं कुलूप घरोघरी आहे. त्याची एक वाट लालबागमधून जाते. अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडली होती, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा पहिला उद्योग फसला होता. १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागमध्ये एका साध्या शेडमध्ये त्यांनी कुलपं घडवायला सुरुवात केली. त्या काळी चांगलं कुलूप म्हणजे विलायती, असा समज होता. लिव्हरवरच्या नाजूक स्प्रिंगा हे त्या कुलपांचं दुखणं होतं. स्प्रिंग तुटली की कुलूप निकामी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोदरेजांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप आणलं. कुलपावर कोरलेला 'सहा लिव्हर', 'सात लिव्हर' हा शब्द तेव्हापासून आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो. लिव्हर जास्त म्हणजे कारागीर चोराचं काम जास्त, हा अर्थ बरोबरच आहे. मात्र लिव्हर सात असूनही मापं ढिली असतील, तर तेही कुलूप बोलकंच राहतं.

आता बाजारात 'कॉम्प्युटर की' नावाने जी किल्ली मिळते, तिच्याबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. तिच्या सपाट अंगावर गोल खळगे असतात, दोन्ही बाजूंनी लागते, दिसायला आधुनिक. तिच्यात कॉम्प्युटर कुठलाच नाही. खळग्यांवर बसणाऱ्या पिनाच आत असतात, एवढंच की त्या जास्त संख्येने आणि वेगळ्या दिशांनी बसवलेल्या असतात. चांगल्या कारखान्याची ही कुलपं खरोखर भक्कम असतात आणि हलक्या नकलेत त्याच जुन्या उणिवा असतात. नावावरून निवाडा करता येत नाही.

निवाडा करायचा तर वेळेवरून. अमेरिकेतल्या यूएल ४३७ या मानकानुसार तज्ज्ञाने हत्यारं घेऊन प्रयत्न केला, तरी कुलपाने १० मिनिटं दाद द्यायची नसते. दहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण जिन्यात उभं राहून, शेजारच्या दाराचा आवाज ऐकत, घाम पुसत काढायची दहा मिनिटं फार मोठी असतात. नेदरलँड्सने हा विचार कायद्यात आणला. १९९९ पासून तिथल्या प्रत्येक नव्या घराची दारं-खिडक्या घरफोडीला तोंड देणारी असणं बंधनकारक झालं. बेन व्होलार्ड आणि यान फान ऑर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. नव्या घरांमधलं घरफोडीचं वार्षिक प्रमाण १.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं.

या कायद्यात एकट्या कुलपाचा विचार नव्हता, चौकट, बिजागरी, काच सगळ्याचा होता. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. घरफोडीच्या बातमीतलं एक वाक्य पाठ झालेलं असतं: 'बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला.' कुलूप त्या कोयंड्यात शाबूत लटकलेलं असतं. सात लिव्हर जागेवर, पिना जागेवर, आणि अर्ध्या इंचाचे चार स्क्रू लाकडासकट बाहेर आलेले. कारागिरीने कुलूप उघडणारा चोर विरळा. कटावणीवाला रोजचा. म्हणून उत्तम कुलपावर खर्च करताना ते ज्याला धरून आहे, त्या कडीकोयंड्यावर आणि चौकटीवरही खर्च करायला हवा.

आणि किल्लीवरही लक्ष हवं, कारण कुलूप मुकं झालं तरी किल्ली बोलते. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी १९५ फुटांवरून, एका इमारतीच्या गच्चीतून, टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले आणि त्या फोटोंतून खाचांची मापं काढून दाखवली. नव्या घराचा ताबा मिळाला, की किल्ली हातात धरलेला फोटो मोबाइलवरून सगळ्यांना पाठवायची आता रीत पडली आहे. आनंद खरा आहे, तो वाटावाही, फक्त फोटोत किल्लीचं पातं मुठीत असू द्यावं.

सुट्टीवर निघण्याआधी घरात करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. कोयंड्याचे स्क्रू लांब आहेत का आणि दार बंद असताना ते बाहेरून दिसत तर नाहीत ना, हे पाहावं. नाइट लॅच नुसतं ओढून न घेता किल्लीने पूर्ण फिरवून लावावं, कारण नुसती ओढलेली जीभ दाराच्या फटीतूनही मागे सरकवता येते. नवं कुलूप घेताना किती लिव्हर, किती किल्ल्या या प्रश्नांच्या जोडीला आणखी दोन विचारावेत: बंपिंगविरुद्ध यात काय सोय आहे, आणि हे कुठल्या मानकाच्या कसोटीला उतरलं आहे? दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर पुढचं दुकान पाहावं. गिऱ्हाइकं हे विचारू लागली, की कारखान्यांनाही त्याचं उत्तर कुलपात बसवावं लागेल.